सुट्टी कधी पडणार, ते जूनमध्येच सांगा

कोकणात घराघरांतले मोठे सण चार. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मुलांची परीक्षा संपते तो दिवस. पहिल्या तिघांच्या तारखा पंचांगात वर्षभर आधी छापून येतात. चौथ्याची तारीख मार्च अर्धा उलटला तरी धड कुणाला ठाऊक नसते. शाळेला नाही, शिक्षकांना नाही, पालकांना तर नाहीच. माझी मागणी एवढीच, की या चौथ्या सणालाही आधी ठरलेली तारीख असावी, ती जिल्ह्याने ठरवावी आणि एकदा ठरली की वर्षाच्या मध्यात ती कुणी हलवू नये.

मागणी क्षुल्लक वाटेल. पटसंख्येअभावी वाडीवाडीवरच्या शाळांवर टांगती तलवार आहे, एकेका शिक्षकावर चार-चार वर्ग आहेत, आणि सुट्टीच्या तारखेवर कसला लेख लिहिता? लिहावा लागतो, कारण कोकणातलं अर्धं घर त्या तारखेला बांधलेलं असतं आणि ते अर्धं घर गावात नसतं. पूर्वी ते लालबाग-परळच्या चाळीत असायचं, आता दिवा, विरार, नालासोपारा असं सरकत गेलं आहे. वर्षातून तीनदा हे दोन तुकडे जुळतात. गणपतीला आणि शिमग्याला देवाचा मान असतो, वडीलधाऱ्यांचा असतो. मे महिन्यात घर जमतं ते पोरांसाठी. त्यांनी वर्ष काढलं, ते पुढच्या इयत्तेत गेले, एवढंच निमित्त. पहिला नंबर आला की शेवटचा, याची विचारपूस ओटीवर पाच मिनिटं होते आणि मग कोण आंब्याच्या झाडावर कुठवर चढतं याची सुरू होते.

हा सण कसा मोडतो, ते २०२५ साली आपण पाहिलं. एरवी पहिली ते नववीच्या परीक्षा आपल्याकडे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आटोपायच्या. मग पेपर तपासणं, प्रगतिपुस्तकं भरणं आणि १ मेला झेंडावंदन झालं की निकाल. मधल्या दिवसांत मुलं हजेरीपुरती शाळेत जायची. कुणाला गावाला निघायचं असेल तर वर्गशिक्षक ‘निकालाला घरचं कुणीतरी पाठवा’ म्हणून सोडून द्यायचे. त्या वर्षी राज्यभरासाठी एकच वेळापत्रक आलं. परीक्षा ८ ते २५ एप्रिल. त्यामागचा विचार वाईट होता असं मी म्हणणार नाही. परीक्षा लवकर उरकून एप्रिलभर शाळा नावापुरती चालते, शिकवण्याचे दिवस फुकट जातात, हा शिक्षण खात्याचा आक्षेप खरा आहे. ज्याने एप्रिलमधली रिकामी शाळा पाहिली आहे तो तो नाकारणार नाही. पण वेळापत्रक आलं कधी? मार्चमध्ये.

आता रेल्वेचा हिशेब बघा. १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं. म्हणजे एप्रिलच्या मध्याला गावी जायचं तर फेब्रुवारीच्या मध्याला सकाळी आठच्या ठोक्याला फोन घेऊन बसायचं. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, जनशताब्दी, सुट्टीच्या तोंडावर यांतल्या कुठल्याही गाडीचं तिकीट मिळवणं काय असतं हे कोकणी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ज्यांना मिळालं त्यांनी देवापुढे साखर ठेवली. आणि मग तीन आठवड्यांनी कळलं, की गाडी सुटते त्या दिवशी पोराचा गणिताचा पेपर आहे.

मग त्या घराघरांत काय झालं असेल ते आपण सगळे जाणतो. तिकीट रद्द करा, पैसे कापून घ्या, तत्काळ बघा, नाहीतर रात्रभर खासगी बस, तिचा दर सुट्टीच्या दिवसांत आभाळाला. इकडे गावात म्हातारी फोनवर विचारते, ‘‘कदी येतलास रे?’’ आणि तिकडून उत्तर, ‘‘शाळेचा अजून काय कळाक नाय, आये.’’ शाळेचं काही कळत नाही, हे वाक्य मार्च महिन्यात किती वेळा उच्चारलं जात असेल!

तिकिटासाठी परीक्षा ठरवायच्या का, असा टोमणा यावर येतोच. तिकिटासाठी नकोत. पण दहावीचं वेळापत्रक बघा. राज्य मंडळाने २०२५ची दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी घेतली आणि तिच्या तारखा आदल्या वर्षीच जाहीर करून टाकल्या होत्या. लाखो मुलं, हजारो केंद्रं, प्रश्नपत्रिकांची गुप्तता, भरारी पथकं, एवढा पसारा सांभाळून मंडळाला तारीख काही महिने आधी सांगता येते. दुसरीच्या मुलाला ‘माझे कुटुंब’ या विषयावर पाच ओळी कधी लिहायच्या आहेत, हे मात्र महिनाभर आधीसुद्धा सांगता येत नाही. अडचण कामाची नाही. त्या तारखेवाचून कुणाचं काही अडतं, असं वरच्यांना वाटतच नाही.

प्रगतिपुस्तक उघडून पाहा. श्रेणी असतात, वर्णनात्मक नोंदी असतात, ‘आवड व छंद’च्या रकान्यात बहुतेक सगळ्यांना ‘चित्रे काढतो’ किंवा ‘गाणी म्हणते’ असं असतं (ही नोंद करणाऱ्या बाईंनी वर्षभरात दशावताराची नक्कल करणारं, गळ टाकून मासे धरणारं एकही पोर पाहिलं नसेल असं नाही, पण ते छंदात बसत नाही). आणि तळाला एक ओळ असते, शाळा अमुक जूनला अमुक वाजता सुरू होईल. शाळा परत कधी भरणार हे छापून देणारी व्यवस्था ती कधी संपणार हे का छापत नाही? याच कागदावर आणखी एक ओळ वाढवली तर काय बिघडेल?

सुट्टी कुणाच्या मालकीची, हा या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. खात्याच्या लेखी सुट्टी म्हणजे शिकवून झाल्यावर उरलेले दिवस. म्हणून त्यातून हवे तेवढे काढता येतात. दहावीत गेलेल्यांचे जादा तास एप्रिलमध्येच सुरू होतात, कुठे मे महिन्यातही. पाचवी-आठवीत मागे पडलेल्या मुलाची पुनर्परीक्षा निकालापासून दोन महिन्यांच्या आत घ्यायची, असं २०१९च्या कायदादुरुस्तीनं ठरवलं, म्हणजे त्या मुलाचा मे गेलाच. वर्ष १ एप्रिलला सुरू करावं ही टूम अधूनमधून निघते. शेजारच्या गोव्याने तर एप्रिल २०२५मध्ये सहावी ते दहावीचे वर्ग सुरूच केले, पालक न्यायालयात गेले तरी थांबले नाहीत. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला हे लांबचं नाही. लेक म्हापशात दिलेली असते, नातवंडं तिकडच्या शाळेत. मार्चमध्ये परीक्षा संपली, एप्रिलमध्ये नवी पुस्तकं, मे महिन्यात सुट्टी. त्या पोरांचं वर्ष संपतं कधी? परीक्षेनंतर जी मोकळीक यायला हवी ती येईपर्यंत पुढच्या इयत्तेचा पहिला धडा गृहपाठाला आलेला असतो. सुट्टीचे दिवस कागदावर तेवढेच राहिले असतील, पण संपणं गेलं.

आणि जिथे कुटुंबाकडून हा आनंद सुटला तिथे शाळेने तो विकायला काढला. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, कुठल्याही शहरात जा, इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांचा पदवीदान समारंभ होतो. काळा झगा, चौकोनी टोपी, त्या टोपीला लोंबता गोंडा. दिवस मार्च-एप्रिलचे, हवा अशी दमट की सुती सदरासुद्धा पाठीला चिकटतो, आणि त्यात हे पोर नायलॉनच्या झग्यात. हातात सुरळी, तिला लाल फीत. टोपी डोळ्यांवर येते म्हणून ते मान वर करून चालतं. आई खालून ओरडते, ‘‘सोनू, इकडे बघ!’’ आणि सोनू रडकुंडीला आलेला. झग्याचं भाडं वेगळं, फोटोचे वेगळे. मला या प्रकाराची चीड येते, आणि ती लपवायचं कारण दिसत नाही. वर्ष संपल्याचा आनंद घरच्यांनी करायचा असतो. तो शाळेने हॉलमध्ये, माइकवरून, पावती फाडून करून दिला की घराला फक्त टाळ्या वाजवायचं काम उरतं.

घरचा आनंद म्हणजे काय, हेही सांगते. आमच्याकडे सिंधुदुर्गात या दिवसांत शिरवाळ्यांचा बेत असतो. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच लाकडी साच्यात जायला हवेत, निवले की पीठ हलत नाही. साच्यावर भार द्यायला एक दणकट माणूस लागतं, खाली पडणाऱ्या शेवया हलक्या हाताने उचलून पानावर ठेवायला दुसरं, चुलीवर लक्ष ठेवायला तिसरं, नारळ खवून, वाटून, पिळून रस काढायला चौथं. त्या रसात गूळ आणि वेलची. सहावीत गेलेला मुलगा दांड्यावर लोंबकळतो, आजी ओरडते, ‘‘अरे मोडशीत तो साचो!’’ आणि दुसरीतली त्याची बहीण वाटी घेऊन आधीच बसलेली असते. हे ऑनलाइन मागवता येत नाही आणि दोन माणसांच्या घरात कुणी त्या वाटेला जात नाही. घर भरलेलं असावं लागतं, आणि घर भरण्यासाठी कोण कधी येणार ते ठाऊक असावं लागतं. तांदूळ दळून आणण्यापासून तयारी असते.

इथे चाकरमान्यांना थोडं टोचणारं बोलावं लागेल. मे महिन्यातल्या कोकणाची जी वर्णनं वाचायला मिळतात ती बहुतेक मुंबईहून येणाऱ्यांनी लिहिलेली असतात, आणि त्या वर्णनांत आंघोळीचं पाणी आपोआप तापलेलं असतं. ते कुणीतरी विहिरीतून ओढलेलं असतं. मे महिन्यात विहीर तळ गाठते, घरातली माणसं दुप्पट-तिप्पट होतात आणि घरच्या सुनेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. पाहुणी मुलं करवंदं खायला डोंगरावर जातात. घरची मुलं त्याच डोंगरावर लाकूडफाटा आणायला जातात, कारण पावसाची बेगमी याच महिन्यात करायची. रतांबे फोडायचे, सोलं उन्हात घालायची, संध्याकाळी काढायची, काजूच्या बिया वेचायच्या. गावच्या मुलाची सुट्टी आणि शहरातल्या मुलाची सुट्टी एकाच अंगणात नांदत असली तरी ती एक नाही.

म्हणून ‘मे महिना वाचवा’ ही मागणी मी आठवणींच्या उमाळ्यातून करत नाही. गावच्या मुलाकडून बघितलं तर ती आणखी रास्त ठरते. हापूसचा भर एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत, काजूचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत, रतांबे एप्रिल-मे. घरच्या वर्षाची कमाई ज्या आठवड्यांत होते त्याच आठवड्यांत परीक्षा लांबवली, की सकाळी पेपर आणि दुपारी बागेत, असं ते पोर दोन्हीकडे ओढलं जातं. मुलांना कामाला जुंपावं असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये रोजंदारीवर पेट्या भरणारं बारा वर्षांचं पोर हा गुन्हाच आहे. पण बापाबरोबर आंबे उतरवायची घळ घेऊन आपल्या झाडाखाली उभं राहणं, देठासकट आंबा कसा उतरवायचा, कुठला पेटीत आणि कुठला साठांना, हे बघत शिकणं वेगळं. हे शिक्षण नाही असं कुठलाही शिक्षणतज्ज्ञ भाषणात म्हणणार नाही. वेळापत्रकात मात्र सगळे म्हणतात.

आणि हवामान. राज्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या आणखी काही दिवसांनी, कारण तिथला जून भाजतो. हे योग्यच आहे, त्यात एक दिवससुद्धा कमी करू नये. पण म्हणजेच एका राज्यात दोन तारखा चालतात, आभाळ कोसळत नाही. मग कोकणाला शेवटाची वेगळी तारीख का नाही? आमचा पारा चंद्रपूरसारखा चढत नाही, हे खरं. पण भारतीय हवामान खातं स्वतःच उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश हा वेगवेगळा निकष लावतं, कारण दमट हवेत तेवढंच तापमान जास्त मारतं. सकाळची शाळा केली म्हणून पत्र्याखालचा अकरा वाजताचा वर्ग थंड होत नाही. शिवाय पाणी. जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे एप्रिलच्या शेवटी वाड्यांवर टँकर फिरतात, ही कोकणाची जुनी थट्टा आहे. शाळेची टाकी त्यातून सुटत नाही. पोषण आहार शिजवणारी बाई खिचडीचं पाणी कळशीने आणते आणि मुलांनी घरून बाटली आणलेली असते ती दहा वाजता संपते. अशा शाळेत २५ एप्रिलपर्यंत परीक्षा घ्यायची की १२ एप्रिलला आटपून टाकायची, हे पुण्यात बसून ठरवायला नको.

पावसाची बाजू उलटी आहे. जून-जुलैत आमच्याकडे शाळेचे दिवस बुडतात. रेड अलर्ट आला की आदल्या संध्याकाळी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येतो, कधी तोही न येता साकव पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या वाडीतली मुलं घरीच राहतात. हे दिवस भरून काढायला एप्रिल लागतो, असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवण्यात आहे. पावसात किती दिवस जातात याचा अंदाज प्रत्येक तालुक्याच्या हजेरीपटात वर्षानुवर्षे पडून आहे. तेवढे दिवस सुरुवातीलाच बाजूला काढा, हवं तर पावसाळ्यानंतरचे शनिवार पूर्ण भरवा. बुडालेले दिवस शेवटी सुट्टीतून वसूल करायचे, म्हणजे पावसाचा दंड मुलांनी भरायचा.

कायद्याचं म्हणाल तर अडथळा नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. आपल्या माध्यमिक शाळा संहितेत वर्षाच्या सुट्ट्या ७६च्या पुढे जाऊ नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० व्हावेत असं आहे. रविवार आणि त्या ७६ सुट्ट्या वजा करून पाहा, २३०च्या वर थोडे दिवस हातात राहतातच. आणि त्याहून महत्त्वाचं, उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून ती गणेशोत्सवाला किंवा नाताळला देण्याची मुभा शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने शाळांना आहे. दरवर्षीच्या परिपत्रकात ही ओळ असते. कोकणात गणपतीला शाळा बंद राहतात त्या याच ओळीवर. म्हणजे जिल्ह्याने आपलं वर्ष आपल्या रीतीने आखावं, हे तत्त्व शासनाने मान्य केलेलंच आहे. आपण ते गणपतीपुरतं वापरतो, कारण गणपतीला शाळा उघडी ठेवली तर वर्गात कुणी येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. एप्रिलच्या बाबतीत आपण तसा आवाज कधी केला नाही.

सुट्ट्या सुट्ट्या करून मुलं मागे पडतील, या भीतीवर एक आकडा टाकते. २०२५च्या दहावीला राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकण विभागाचा ९८.८२. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं हे विभागीय मंडळ सुरू झाल्यापासून पहिला क्रमांक कोकणाचाच. गणपती, शिमगा, पाऊस आणि साकव, सगळं धरून. दहावीचा निकाल म्हणजे ज्ञानाची मोजपट्टी आहे असं माझं मत नाही, पण दिवस मोजणारे लोक जी मोजपट्टी मानतात तिच्यावर तरी कोकणातल्या मुलांनी कुणाला बोट दाखवू दिलेलं नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती माझ्या मागणीलाही गोत्यात आणते. ‘कोकणातलं कुटुंब’ म्हणून मी जे बोलते आहे ते बहुतांश आंबा-काजूच्या आणि मुंबईच्या मनीऑर्डरवर उभ्या राहिलेल्या कुटुंबाचं चित्र आहे. हर्णे, मिरकरवाडा, मालवणच्या मच्छीमार घराचं वर्ष निराळं चालतं. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. एप्रिल-मेमध्ये बाप समुद्रावर असतो आणि आई वाळवणात, सुकी मासळी पावसाआधी घरात यायला हवी. होड्या वर ओढल्या, जाळी दुरुस्तीला काढली, बाप घरात दिसायला लागला, की पोराची शाळा सुरू. त्यांच्यासाठी मे महिन्याची सुट्टी वेळेवर येतच नाही. जिल्ह्याला अधिकार दिला तर किनाऱ्यावरच्या केंद्रांचा वेगळा विचार होऊ शकेल, निदान जूनचे पहिले दोन आठवडे त्या घरांचे राहतील याची खात्री आधी मिळेल. राज्यभरासाठी एकच ठरलेल्या तारखेत ते कधीच शक्य नाही.

कातकरी वाड्यांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. रायगडात आणि लगतच्या रत्नागिरीत दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांचं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये संपत नाही, नोव्हेंबरमध्ये तुटतं. कुठल्या दिवशी पेढे वाटायचे हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नाही. आणि जी मुलं गावात राहतात त्यांच्यातल्या काहींना शाळा संपणं म्हणजे दुपारची खिचडी संपणं. दुष्काळ जाहीर झाला तर सुट्टीतही आहार देता येतो, पण कोकणातला कोरडा मे सहसा दुष्काळ म्हणून कागदावर चढत नाही. सुट्टी लवकर मागणाऱ्या माझ्यासारखीने सुट्टीतल्या खिचडीचीही मागणी त्याच अर्जात करायला हवी. नाहीतर आपला सण त्यांच्या उपासावर उभा राहतो.

नोकरी करणाऱ्या आयांचा प्रश्न शहरांत आहेच. चिपळूणच्या किंवा रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये दीड महिना पोर कुणाजवळ ठेवायचं? आजोळ असेल तर आजोळी, नसेल तर छंदवर्ग. त्यावर उपाय शाळा लांबवणं हा नाही, एवढंच म्हणेन. आणि खरं म्हणजे याच बाईला आधी ठरलेल्या तारखेची सगळ्यात जास्त गरज असते. तिला रजा टाकायची असते, सासूला किंवा आईला कळवायचं असतं. एसटीच्या शाळेच्या फेऱ्या सुट्टीत बंद होतात तेव्हा ज्या गावाला तेवढीच गाडी असते त्या गावच्या माणसांनाही ती केव्हापासून बंद, हे आधी समजलेलं बरं. बाजारहाट आणि दवाखाना त्याच फेरीवर असतो.

तेव्हा करायचं काय? जूनमध्ये प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सभा होते. समितीत तीन चतुर्थांश पालक, अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. विषय ठरलेले असतात : गणवेश, पुस्तकं, गळकं छप्पर. त्यात चौथा घालावा. ठराव चार ओळींचा पुरे. यंदाची पहिली ते आठवीची वार्षिक परीक्षा अमुक एप्रिलपर्यंत पूर्ण व्हावी. ही तारीख जिल्ह्याच्या वार्षिक सुट्ट्यांच्या यादीत छापावी. नैसर्गिक आपत्तीखेरीज ती बदलू नये. सुट्टीच्या काळात गरजू मुलांना पोषण आहार मिळावा. सूचक, अनुमोदक, सह्या. हायस्कुलांत हेच पालक-शिक्षक संघाने करावं. ठराव केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेत जातो. एका शाळेचा गेला तर फाइलीत राहील, एका तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे गेले तर शिक्षणाधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल. मुंबईच्या मंडळींनीही निव्वळ तिकिटाच्या नावाने बोटं मोडत बसू नये. वाडीवाडीची मुंबई मंडळं आहेत, देवळाच्या जीर्णोद्धाराला पत्रकं काढतात, त्यांनी एक पत्र मुंबईतल्या शाळांसाठी मंत्रालयात द्यावं, कारण गाडी पकडायची असते ती मुलं तिकडच्या शाळांत आहेत. पत्र सप्टेंबरच्या आत गेलेलं बरं. फेब्रुवारीत आरक्षण उघडतं.